शिवाजी महाराजांचं दोन रुपयांचं नाणं: ओळखायचं कसं, किंमत ठरते कशी

मे महिन्यात भर दुपारी कराडच्या आत्याचा फोन आला. आवाज अगदी बारीक, शेजारच्या खोलीत कुणी झोपलेलं असावं तसा. "तुझ्या मामांना इतक्यात काही बोलू नकोस. माझ्याकडे शिवाजी महाराजांचं दोनचं नाणं आहे. त्याचे पाच लाख येतात म्हणे. व्हॉट्सअॅपवर एक माणूस आहे, तो घेणार आहे. आधी एकवीसशे भरायचेत फक्त, नोंदणीचे."

"भरलेस?"

"अजून नाही. म्हटलं तुला विचारावं."

जीव भांड्यात पडला. मी काही नाण्यांचा व्यापारी नाही. सुटे पैसे खिशात टाकण्याआधी उलटून बघायची खोड आहे, गेली पंचवीसेक वर्षं. त्या खोडीपायी जे कळलं ते आत्याला फोनवर अर्धा तास सांगितलं. तेच इथे जरा सावकाश सांगतो, कारण जुन्या नाण्यांचे असे डबे आपल्याकडे घरोघरी आहेत आणि तसे फोनही.

आधी एक फरक लक्षात घ्यायला हवा. एखाद्या व्यक्तीच्या किंवा प्रसंगाच्या आठवणीसाठी सरकार जी नाणी काढतं ती दोन तऱ्हेची असतात. काही खास संग्राहकांसाठी असतात. टांकसाळ ती डबीत घालून, आगाऊ नोंदणी घेऊन, दर्शनी किमतीपेक्षा जास्त दराने विकते. त्यांवर ७५, १२५ असे आकडे असतात. तंजावरच्या बृहदीश्वर मंदिराचं २०१० सालचं नाणं तर १००० रुपयांचं आहे. ही नाणी वाण्याच्या गल्ल्यात कधी येत नाहीत. दुसरी तऱ्हा चलनातली. नेहमीच्या एक, दोन, पाच रुपयांच्याच आकाराची आणि वजनाची, फक्त एका बाजूचं चित्र वेगळं. ती बँकेतून पिशव्यांनी बाहेर पडतात आणि रिक्षा, भाजी, देवळाची पेटी असा प्रवास करतात. आत्याचं नाणं या दुसऱ्या तऱ्हेचं. बातमी बहुतेक वेळा पहिल्या तऱ्हेची असते आणि फोन दुसऱ्या तऱ्हेबद्दल येतो.

स्वतंत्र भारतात ही प्रथा १९६४ साली नेहरूंच्या नाण्यांनी सुरू झाली. आपल्या ओळखीची त्यात बरीच आहेत. १९९०चा डॉ. आंबेडकरांचा एक रुपया, १९९९चा संत ज्ञानेश्वरांचा एक रुपया, त्याच वर्षीचे शिवाजी महाराजांचे दोन रुपये, २००२चे तुकोबांचे दोन, २००७चे लोकमान्य टिळकांचे पाच. २००३ साली रेल्वेला दीडशे वर्षं झाली तेव्हाच्या दोन रुपयांवर हातात कंदील घेतलेला भोलू हत्ती आहे. बोरीबंदर ते ठाणे ही पहिली गाडी १८५३ची, हे त्या हत्तीमुळे माझ्या भाचीला पाठ झालं. पुस्तकामुळे झालं नव्हतं.

हातात नेमकं काय आहे

आत्याला पहिला प्रश्न विचारला, "नाणं गोल आहे की कोपऱ्याकोपऱ्यांचं?" तिला बाजू मोजायला लावल्या. पहिल्यांदा बारा झाल्या, मग दहा, आणि मग तिने एका बाजूला कुंकवाचा ठिपका लावून मोजल्या तेव्हा अकरा आल्या. बरोबर. त्या काळचं दोन रुपयांचं नाणं अकरा बाजूंचं, २६ मिलिमीटर रुंद आणि ६ ग्रॅम वजनाचं असे. धातू तांबं आणि निकेल यांचं मिश्रण, तीन भाग तांबं आणि एक भाग निकेल. सोनाराकडे गेलात तर त्याच्या काट्यावर ते एकदा ठेवून बघा. झिजलेलं असेल तर वजन किंचित कमी भरेल, पण पाच ग्रॅम भरलं तर काहीतरी गडबड आहे.

घरी करण्यासारखी दुसरी तपासणी लोहचुंबकाची. फ्रिजच्या दारावरचं चुंबक चालतं. तांबं-निकेलचं नाणं त्याला चिकटत नाही. ज्ञानेश्वरांचा एक रुपया स्टेनलेस स्टीलचा, तो टचकन चिकटतो. नेहरूंचा १९६४चा रुपयाही चिकटतो, पण स्टीलचा म्हणून नाही, तो शुद्ध निकेलचा आहे म्हणून. हे एवढ्यासाठी सांगितलं की २००५ ते २००७च्या सुमारास आपली दोन आणि पाच रुपयांची नाणी तांबं-निकेल सोडून स्टीलकडे वळली. त्या धामधुमीत पाच रुपयांचे काही विषय दोन्ही धातूंत निघाले. चित्र तेच, साल तेच, धातू वेगळा. संग्राहकाच्या लेखी ती दोन वेगळी नाणी, आणि वरवर बघून ती वेगळी काढता येत नाहीत. चुंबक लावावंच लागतं.

पुढची बाजू कोणती, यावर आमच्याकडे एकदा जेवताना भांडण झालं होतं. लहानपणी आपण छापा-काटा म्हणायचो तेव्हा चेहरा म्हणजे छापा हे गृहीत असायचं. नाणेशास्त्रात मात्र भारतीय नाण्याची पुढची बाजू म्हणजे अशोकस्तंभाच्या सिंहांची. महाराजांचं चित्र मागच्या बाजूला येतं. यात कुणाचा मान-अपमान नाही. सिंह ही सरकारी मुद्रा आहे, आणि ती आहे म्हणूनच ते नाणं आहे, नाहीतर नुसती चकती.

सालाचा घोळ याहून मोठा. आत्याच्याच डब्यात एक पिवळं वीस पैशांचं नाणं निघालं. त्यावर गांधीजी, खाली १८६९-१९४८. "हे बघ, दीडशे वर्षांचं आहे," आत्या म्हणाली. आता १८६९ साली गांधीजी नुकते जन्मले होते. तेव्हा त्यांच्या म्हातारपणीचा चेहरा नाण्यावर कोण घालणार? ही त्यांच्या जन्म-मृत्यूची सालं आहेत. नाणं निघालं त्यांच्या जन्मशताब्दीला, १९६९ साली, आणि ते साल त्यावर वेगळं छापलेलंच नाही. नेहरूंच्या नाण्यावरही तसंच, १८८९-१९६४. म्हणून स्मृतिनाण्यावर दोन सालं दिसली की ती आधी माणसाची समजायची, आणि नाण्याचं साल स्वतंत्र छापलंय का ते शोधायचं.

त्या पिवळ्या वीस पैशात सोनं असतं ही आपल्याकडची जुनी, चिवट समजूत. आमच्या लहानपणी गल्लीत एक मुलगा ती नाणी गोळा करून त्याच्या आईला अंगठी करून देणार होता. रंग पिवळा आहे तो तांब्याच्या मिश्रधातूमुळे. सोन्याचा त्यात कणही नाही. वीस पैशांत सोनं वाटणारं सरकार अजून जन्माला यायचं आहे.

नावाचाही एक घोळ आहे, आणि तो फक्त महाराजांच्या नाण्याबाबत होतो. मोबाइलवर कुणी "शिवाजी महाराज नाणे किंमत" असं शोधलं की समोर शिवराई येते आणि सोन्याचा होन येतो. ही महाराजांनी स्वतः पाडलेली नाणी. शिवराईवर एका बाजूला "श्री राजा शिव" आणि दुसऱ्या बाजूला "छत्रपति" अशी अक्षरं, ओबडधोबड तांबं, हाताने ठोकलेलं. होन तर इतका दुर्मिळ की बहुतेकांनी तो चित्रातच पाहिला आहे. त्याची किंमत वाचून माणूस डब्यातलं १९९९चं नाणं शोधायला लागतो. एक नाणं महाराजांनी काढलेलं, दुसरं महाराजांवर काढलेलं. मधे सव्वातीनशे वर्षं आहेत.

जाता जाता एक इशारा. ईस्ट इंडिया कंपनीचं १८१८चं, एका बाजूला राम-सीता-लक्ष्मण किंवा हनुमान असलेलं तांब्याचं "नाणं" कुणी दाखवलं तर हात जोडा आणि परत द्या. कंपनीने असं नाणं कधी पाडलं नाही. ते अलीकडे बनवलेले टाक आहेत. देवघरात ठेवायला हरकत नाही, पैसे मोजायला आहे.

सालाखालची खूण

इथून पुढे भिंग लागतं. दहापट मोठं दाखवणारं घड्याळजीचं भिंग उत्तम, नाहीतर मोबाइलचा कॅमेरा जवळ नेऊनही भागतं.

आपल्याकडे चलनी नाणी चार टांकसाळींत पडतात: मुंबई, कोलकाता, हैदराबाद आणि नोएडा. मुंबईची फोर्टमध्ये आहे, रिझर्व्ह बँकेच्या समोर. नोएडाची सगळ्यांत धाकटी, १९८८ची. नाणं कुठे पडलं ते सालाच्या खालच्या बारीक खुणेवरून कळतं. पत्त्यांतल्या चौकटसारखा आकार असेल तर मुंबई. पाच टोकांची चांदणी असेल तर हैदराबाद. नुसता गोल ठिपका असेल तर नोएडा. आणि काहीच नसेल तर कोलकाता. कोलकात्याची टांकसाळ इतकी जुनी आणि मानाची की तिला खूण लागत नाही. घरातल्या थोरल्याला नावाने हाक मारत नाहीत, त्यातलाच प्रकार.

हैदराबादने मात्र पूर्वी थोडा त्रास देऊन ठेवला आहे. तिच्या जुन्या नाण्यांवर कधी मधोमध दुभंगलेली चौकट, कधी पोटात ठिपका असलेली चौकट दिसते. झिजलेल्या नाण्यावर ती मुंबईची साधी चौकट वाटते. अशा वेळी दिव्याचा उजेड वरून न टाकता बाजूने, जवळजवळ आडवा टाकायचा. खळगे सावली धरतात आणि खूण उठून दिसते. ही युक्ती मला एका म्हाताऱ्या घड्याळजींनी शिकवली. त्यांना नाण्यांत काडीचा रस नव्हता, ते घड्याळाच्या पाठीवरचे नंबर असेच वाचायचे.

नाण्यांची टंचाई असताना सरकारने काही वर्षी परदेशी टांकसाळींतूनही नाणी पाडून आणली. १९८५च्या साध्या एक रुपयावर सालाखाली इंग्रजी एच असेल तर तो बर्मिंगहॅमहून आला आहे. असा रुपया दिसला तर बाजूला काढून ठेवा.

या खुणांना इतकं महत्त्व का? एकाच चित्राचं नाणं एका टांकसाळीत पोत्यांनी पडतं आणि दुसरीत कमी. संग्राहकाला चारही हवी असतात. मग जे कमी पडलं त्याच्यामागे सगळे लागतात. म्हणून "शिवाजी महाराजांचं दोनचं नाणं, किंमत किती?" हा प्रश्नच अर्धा आहे. "१९९९, चौकटवालं, वापरलेलं, कडा झिजलेल्या" इथपर्यंत आलात की उत्तर देता येतं.

आत्याच्या नाण्याचा फोटो मागवला. पहिला धूसर आला, दुसऱ्यात तिचा अंगठा होता, तिसऱ्यात खूण दिसली. चौकट. मुंबईचं.

झीज, चकाकी आणि चिंच

ओळख पटली की प्रश्न उरतो तो अवस्थेचा, आणि चलनातल्या नाण्याची सगळी किंमत बहुतेक करून इथेच दडलेली असते. टांकसाळीतून निघून थेट पिशवीतच राहिलेल्या, कधीच कुणाच्या हाती न लागलेल्या नाण्याला बाजारात "यूएनसी" म्हणतात, म्हणजे न वापरलेलं. व्यापाऱ्यांच्या तोंडी सारखा हाच शब्द असतो. त्याच नाण्याची वापरलेली भावंडं लाखोंनी असतात, यूएनसी मात्र शोधावं लागतं, कारण नाणं खर्च करण्यासाठी असतं आणि लोकांनी ते केलं.

यूएनसी ओळखायचं ते उजेडात. नाणं कडेने धरा (चित्रावर बोट नको, घामाचा ठसा वर्षभराने तपकिरी होऊन उठतो) आणि दिव्याखाली हळूहळू कलवा. नव्या नाण्यावर उजेडाचा एक पट्टा पंख्याच्या पात्यासारखा गोल फिरतो. टांकसाळीत ठसा दाबताना धातू मधून कडेकडे पसरतो, त्याच्या केसासारख्या बारीक रेषा पृष्ठभागावर राहतात. तो फिरता पट्टा म्हणजे त्या रेषांवरून परतणारा उजेड. वापरात नाणं घासलं की आधी या रेषा जातात. मग नाणं स्वच्छ दिसतं, पांढरं दिसतं, पण पट्टा फिरत नाही.

त्यानंतर उंचवटे बघायचे. ज्या जागा जास्त वर आलेल्या त्या आधी झिजतात. महाराजांच्या चित्रात नाक, गालाचं हाड आणि जिरेटोपाचा वरचा भाग. पलीकडे मधल्या सिंहाची छाती आणि आयाळ. आयाळीच्या बटा वेगळ्या दिसत असतील तर नाणं फारसं फिरलेलं नाही. सिंहाची छाती सपाट गुळगुळीत झाली असेल तर त्याने बरीच एसटी स्टँडं पाहिली आहेत.

आत्याच्या नाण्यावर नाक जवळजवळ गेलं होतं.

आता चिंचेबद्दल. आपल्याकडे काळवंडलेला धातू दिसला की हात आपोआप चिंच आणि मीठ घ्यायला जातो. पितळी तांब्यासाठी ते ठीक. नाण्यावर चिंच, लिंबू, राख, टूथपेस्ट यांतलं काहीही घासलंत की त्या बारीक रेषा कायमच्या गेल्या. आम्ल धातूचा वरचा थर खातं आणि घासणीने वेगळेच ओरखडे पडतात. संग्राहकाला हे एका नजरेत दिसतं. तो नाणं हातात घेतो, कलवतो, आणि काही न बोलता परत ठेवतो. काळसर, पण अस्पर्श नाण्याला गिऱ्हाईक असतं, घासलेल्या लखलखीत नाण्याला नसतं. फारच माती असेल तर साध्या पाण्यात तासभर ठेवून, न चोळता, मऊ कापडावर टिपून वाळवा. बस.

चूक असलेली नाणी हा आणखी एक आवडता विषय. ठसा अर्धा बाहेर गेलेला, चकतीचा एक तुकडा कापला गेलेला, दोन्ही बाजूंना एकच चित्र उमटलेलं, अशी नाणी खरी असतात आणि त्यांना पैसेही येतात. पण डब्यातल्या दहा "चुकां"पैकी नऊ टांकसाळीनंतरच्या असतात: रुळावर ठेवलेलं, हातोडीने ठोकलेलं, पान्हा लावून वाकवलेलं. दहा रुपयांच्या दोन धातूंच्या नाण्याचा मधला भाग काढून उलटा बसवायचे उद्योगही चालतात. एक सोपी कसोटी सांगतो. आपलं नाणं पुस्तकाचं पान उलटावं तसं डावी-उजवीकडे उलटलं की दुसऱ्या बाजूचं चित्र सरळ उभं दिसायला हवं. ते थोडं कललेलं दिसलं तर त्यात विशेष नाही, घाईत होतं तसं. पूर्ण आडवं किंवा उलटं आलं तर मात्र कुणा जाणत्याला दाखवा.

मग पाच लाख येतात कुठून

कुठूनच येत नाहीत. कुणीतरी इंटरनेटवर विक्रीसाठी नाण्याचा फोटो टाकून खाली पाच लाख लिहितो. लिहायला पैसे पडत नाहीत. मी माझी जुनी कोल्हापुरी चप्पल उद्या दोन लाखांना लावू शकतो, म्हणून ती दोन लाखांची होत नाही. मग कुणी त्या जाहिरातीचा फोटो काढतो, "हे नाणं तुमच्याकडे असेल तर तुम्ही लखपती" अशी बातमी होते, आणि ती वाचून आणखी शंभर जण तोच आकडा लिहितात. २०१२च्या माता वैष्णोदेवी देवस्थान मंडळाच्या पाच आणि दहा रुपयांच्या नाण्यांचं असंच झालं. देवीचं चित्र, म्हणून शुभ, म्हणून लाखो. ती नाणी आजही सुट्या पैशांत सापडतात.

खरी किंमत बघायची तर लिहिलेला भाव बघायचा नाही, झालेला सौदा बघायचा. लिलावगृहं आपले संपलेले लिलाव आणि त्यांत आलेले आकडे जाहीर करतात. तिथे तेच साल, तीच टांकसाळीची खूण आणि तीच अवस्था असलेलं नाणं शोधायचं. बहुतेकदा असं दिसेल की १९९९चं वापरलेलं दोन रुपयांचं नाणं एकटं लिलावात येतच नाही. त्याच्यासाठी छापायचा कागदही महाग पडेल. आलंच तर वीस-पंचवीस नाण्यांच्या गठ्ठ्यात येतं.

नाण्यांचं प्रदर्शन भरतं तिथे जाऊन बघणं याहून बरं. पुण्यात संग्राहकांची संस्था दरवर्षी मोठं प्रदर्शन भरवते, मुंबईतही भरतात. तिथे टेबलांच्या टोकाला प्लास्टिकचे टब असतात, "कोणतंही घ्या" अशी पाटी लावलेले. महाराजांची, भोलूची, चित्तरंजन दासांची, सगळी दोनची नाणी त्या टबांत. मी अशाच टबातून बरं दिसणारं एक वीस रुपयांना घेतलं होतं. शेजारच्याच टेबलावर तेच नाणं यूएनसी, प्लास्टिकच्या चौकटीत बसवलेलं, कितीतरी पटींनी महाग होतं. मालक दोन्ही नाण्यांकडे बोट दाखवून म्हणाला, "हे बघायचं, ते ठेवायचं." त्याने माझं वीसचं नाणं परत घ्यायला किती दिले असते? दोन. कदाचित तेही नाही. व्यापारी विकतो तो भाव वेगळा आणि विकत घेतो तो वेगळा, आणि सामान्य नाण्यात ही दरी फार मोठी असते. त्याला जागा, वेळ, टेबलाचं भाडं सगळं त्या वीस रुपयांतून काढायचं असतं.

धातूचा हिशेबही करून बघा, मजेशीर आहे. ६ ग्रॅमच्या नाण्यात साडेचार ग्रॅम तांबं आणि दीड ग्रॅम निकेल. तांबं किलोला ८०० रुपये आणि निकेल १४०० रुपये धरलं, तर तांब्याचे ३ रुपये ६० पैसे आणि निकेलचे २ रुपये १० पैसे. मिळून ५ रुपये ७० पैसे. म्हणजे दोनच्या नाण्यात साडेपाचच्या वर ऐवज! सरकारला स्टीलकडे का वळावंसं वाटलं असेल ते इथे कळतं. पण म्हणून भट्टी पेटवू नका. २०११च्या नाणे कायद्याने नाणी वितळवायला बंदी आहे.

त्या धातूच्या दोन रुपयांचं दुकानात काय होतं? दोन रुपयेच होतात. ते आजही चलनात आहे. २५ पैसे आणि त्याखालची नाणी जून २०११अखेर बाद झाली, पन्नास पैसे आणि त्यावरची झाली नाहीत. चित्र ओळखीचं नाही म्हणून नाणं नाकारणारे दुकानदार भेटतात. दहाच्या नाण्यावरून तर इतके वाद झाले की २०१८च्या जानेवारीत रिझर्व्ह बँकेला सांगावं लागलं: दहाची नाणी तोवर १४ वेगवेगळ्या चित्रांची निघाली आहेत आणि सगळी चालतात.

रिझर्व्ह बँकेचं आणखी एक निवेदन आत्याच्या कामाचं होतं, ऑगस्ट २०२१चं. जुनी नाणी आणि नोटा खरेदी करतो असं सांगून काही लोक बँकेचं नाव वापरतात आणि फी, कमिशन, कर म्हणून पैसे मागतात. बँक असा व्यवहार करत नाही, तसा अधिकार तिने कुणाला दिलेलाही नाही, असं त्यात स्वच्छ लिहिलं आहे. पाच लाखांच्या माणसाने आत्याला पाठवलेल्या कागदावर नेमका त्याच बँकेचा शिक्का होता. शिवाय नाणी काढतं भारत सरकार. रिझर्व्ह बँक ती फक्त वाटते. शिक्का मारणाऱ्याला हेही ठाऊक नव्हतं.

मी आत्याला म्हटलं, खरा घेणारा तुला पैसे देतो, मागत नाही. तुझ्याकडून वाल घेताना वाणी तुझ्याकडूनच वर पैसे मागतो का? हे तिला पटलं. माझं यूएनसी आणि टांकसाळपुराण तितकंसं पटलं नव्हतं.

"म्हणजे दोनच रुपये?" तिने विचारलं.

"तुझ्या नाण्याचे दोनच. पण डबा तसाच ठेव, दिवाळीत आलो की भिंगाखाली सगळं बघू."

दिवाळीत गेलो. आत्याने डबा पुढे ठेवला आणि झाकण उघडलं. आत चांदीच्या दुकानात असावा तसा लखलखाट. महाराज, भोलू, आंबेडकर, गांधीजींचं पिवळं वीस पैशांचं, सगळी घासून आरशासारखी. "तू येणार म्हणून चिंचेच्या कोळात रात्रभर ठेवली होती," ती कौतुकाने म्हणाली. मी गप्प बसलो. चकल्या छान झाल्या होत्या.

डब्याच्या तळाशी आहेराचं एक पाकीट चिकटलं होतं, त्याच्यासकट घासता येत नाही म्हणून वाचलेलं. आपल्याकडे आहेराच्या पाकिटाला एक रुपयाचं नाणं चिकटवलेलं असतं. पाकीटवाले ती नाणी पिशवीतून काढून थेट डिंक लावून बसवतात. ती कधी गल्ल्यात जात नाहीत, कुणाच्या खिशात घासत नाहीत. मी पाकीट खिडकीशी नेऊन कलवलं. ज्ञानेश्वर माऊली, १९९९, आणि चित्रावरून उजेडाचा पट्टा अख्खा गोल फिरला. पलीकडच्या बाजूला डिंक असणार, त्यामुळे फार काही भाव आला नसता. पण पंचवीस वर्षांत हात न लागलेलं नाणं मी त्या डब्यात तेवढंच एक पाहिलं.

"आत्या, हे मला दे."

तिने पाकीट घेतलं, उलटं करून त्यावरचं नाव वाचलं, आणि परत डब्यात ठेवलं. "ते नाही मिळायचं," ती म्हणाली. "ते तुझ्या बाबांनी सुमीच्या लग्नात दिलेलं आहे."